एका मुठीचं मागणं

“राहेलला घेऊनच ये,” असं वडील औरंगाबाद स्टेशनवर तीनदा म्हणाले. राहेल म्हणजे माझी आत्या. मुखेड-उदगीर रस्त्यावरच्या एका खेड्यात ती एकटी राहत होती. नवरा फार पूर्वी वारला होता. दोन वर्षांमागे एकुलता एक मुलगा दावीद टंचाईच्या कामावर विहीर खोल करताना दरडीखाली गेला. तेव्हापासून आमच्या पत्रांना तिचं उत्तर नव्हतं.

आमचा लहानसा छापखाना. संपाची, मोर्चाची, सुवार्तेची अशी सगळी पत्रकं तिथे छापली जात, आणि ओल्या शाईच्या त्या कागदांवरच मी वाचायला शिकले. पत्रकात शेवटी काय करायचं ते ठणकावून सांगितलेलं असतं. माझीही बोलायची रीत तीच झाली होती. दावीद गेल्यावर मी प्रार्थना सोडली होती. ठणकावणं मात्र सुटलं नव्हतं.

गाडीत डोळा लागला, उतरायचं होतं ते नांदेड मागे पडलं आणि जाग आली ती मुदखेड जंक्शनात. इंजिनात पाणी भरायच्या जाड नळाखाली बायका घागरी घेऊन बसल्या होत्या. इंजिन पाणी पिऊन पुढे सरकलं की जे गळेल ते त्यांचं. मी चुकून इथवर आले हे कळल्यावर एक जण म्हणाली, “झोप लागती म्हंजी घरी पानी असंल तुमच्या.” बाकीच्या हसल्या. मला हसता आलं नाही. मिळेल त्या गाडीनं मी नांदेडला परतले आणि वडिलांच्या ओळखीच्या घरी मुक्काम केला.

सकाळच्या एसटीनं मुखेड गाठलं. आठवडी बाजाराचा दिवस होता, पण भाजीच्या ओळीत वाळल्या मिरच्या आणि कांदे एवढंच. बैल मात्र पुष्कळ आले होते. त्यांच्या बरगड्या लांबूनही दिसत होत्या. घेणारं कोणी नव्हतं, म्हणून धनी आणि बैल दोघेही माना खाली घालून उभे होते.

पुढची गाडी हद्द ओलांडून लातूर जिल्ह्यात शिरली. जिल्हा नवाच झाला होता. पाटीवरचा रंग अजून चकाकत होता. मी पाटीकडे पाहते आहे हे पाहून कंडक्टर म्हणाला, “बगा ताई, जिल्हा नवा, कलेक्टर नवा, हापिस नवं. दुष्काळ तेवढा जुनाच ठिवलाय सरकारनं.”

काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा होत्या. रस्त्याच्या कडेनं खडीचे ढीग, आणि प्रत्येक ढिगाआड डोक्यावर पदर ओढून दगड फोडणारी बाई. त्यांतल्याच एका ढिगापाशी मला आत्या सापडली. मी “सलाम, आत्या” म्हटलं. (आमच्या मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती समाजात, तिकडे सलामच करतात.) तिनं हातोडा खाली ठेवला नाही.

“कामून आलीस?”

“तुला न्यायला.”

“ने की. माझं काय हाय हितं.” एवढं बोलून ती पुन्हा दगडाकडे वळली. तिला न्यायचं काम इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि त्या सोपेपणाचीच भीती वाटली.

घरी तिनं येसराची आमटी (भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची) आणि भाकरी वाढली. चुलीजवळ एक लहान गाडगं पालथं पडलं होतं. ते कसलं, हे मला शेजारच्या यशोदाआजीनं सांगितलं. तिथल्या ख्रिस्ती बायका दळणाला धान्य काढताना आधी एक मूठ बाजूला गाडग्यात टाकतात आणि रविवारी ते प्रार्थनामंदिरात नेऊन ओततात. मूठ टाकताना देवाकडे एक मागणं मागायचं, तेही मोठ्यानं आणि पुढच्या दिवसांसाठीच. झालेल्याबद्दल रडायचं नाही.

“दावीद गेला आन् राहेलीनं गाडगं पालथं घातलं,” आजी म्हणाली. “मागायला कायीच न्हाई म्हनती. सपानबी पडत न्हाई म्हनं तिला.”

रविवारी भक्तीला गेलो. पत्र्याच्या छताखाली वीस-पंचवीस माणसं होती. गीत संपल्यावर बायका एकेक करून पुढे गेल्या आणि गाडगी डब्यात रिकामी करू लागल्या. आठवडाभर खडी फोडून मिळालेलं धान्य ते. कुणाचं गाडगं भरलेलं नव्हतं. आत्या हात मांडीवर ठेवून बसून होती. माझं डोकं तापलं. पाळकसाहेबांनी “कुणाला काही सांगायचं आहे का?” असं रीतीप्रमाणे विचारलं आणि मी उभी राहिले.

“उपाशी बायकांकडून देवाच्या नावानं धान्य घेणं हा अन्याय आहे,” मी म्हणाले. “दुष्काळ सरेपर्यंत ही मूठ बंद करा. डब्यातलं आत्ताच्या आत्ता वाटून टाका.”

पाळकसाहेब वाळलेले, थकलेले गृहस्थ. त्यांचा चेहरा उतरला. “मुलगी खरं बोलते,” ते हळूच म्हणाले. “आम्हालाही हे धान्य गिळवत नाही. पुढच्या रविवारपासून मूठ नको.”

मला वाटलं, बायका सुटकेचा श्वास सोडतील. उलट त्यांच्या तोंडावर दुःख पसरलं. यशोदाआजी पदर खोचत उठली.

“तुला कोन इचारलं गं? शेरातनं आली आन् माझ्या गाडग्यात हात घालाय लागली! माझ्या पोटाचं मी बघीन की. मूठ टाकली तर म्होरला ऐतवार हाय असं वाटतंय मला. ते बी नगं म्हनतीस?”

“पण आजी, तुम्हीच उपाशी...”

“उपाशी हाय. मेली न्हाई.”

मी काही बोलणार तोच मागून आत्याचा आवाज आला. दोन वर्षांत ती त्या छपराखाली बोलली नव्हती.

“दावीद गेला तव्हा महिनाभर माझी चूल ह्याच डब्यावर पेटली. कोनी आनून ठिवलं, मला दिसलं बी न्हाई. आता कुनाच्या घरी असंच झालं तर डबा कोन भरनार?” ती थांबली. “मूठ बंद करू नगा, पाळकसाब.”

पाळकसाहेबांनी डोळे पुसले आणि आपला शब्द मागे घेतला. मी खाली बसले. इतकी लाज मला कुठल्याही सभेत वाटली नव्हती.

सोमवारी सकाळी आत्या दळणाला ज्वारी काढत होती. तिनं गाडगं सुलटं केलं आणि फुंकर घालून आतली धूळ उडवली. मूठ भरून धरली, पण तोंडातून शब्द निघेना. ज्वारीचे दाणे बोटांतून ओघळत होते. मी मदत करायला म्हणून पुटपुटले, “पाऊस माग ना, आत्या.”

“गप. पाऊस समदेच मागतेत.”

मग ती दाराबाहेरच्या उजाड रानाकडे पाहत म्हणाली, “परभू, लई न्हाई मागत. येक सपान पडू दे मला. कसलं बी.”

मूठ उघडली. मुठीत उरले होते तेवढे दाणे गाडग्यात पडले. ती रडली नाही, दळायला बसली. मीच चुलीकडे तोंड करून बसले.

“मग, निघायचं ना?” मी दुपारी विचारलं.

“मी न्हाई येत. मागून बसले हाय. उत्तर आलं आन् मी घरात नसले तर?” मी आल्यापासून पहिल्यांदाच ती हसल्यासारखी दिसली. रस्त्यापर्यंत सोडायला ती आली. यशोदाआजी मागून म्हणाली, “आली व्हती इस्तव घिऊन, चालली राख घिऊन. पुन्यांदा ये गं, भांडाय कोनी न्हाई हितं!”

उदगीरपर्यंत एसटीत मी खिडकीशी बसले होते. ढग कुठेच नव्हता. दगड फोडणाऱ्या बायका तशाच होत्या आणि त्यांना मिळणारं धान्यही तेवढंच होतं. आत्याला स्वप्न पडेल की नाही, मला ठाऊक नव्हतं. अन्यायाबद्दल मी बोलले ते आजही मला खोटं वाटत नाही. पण ज्यांच्या वतीनं बोलले, त्यांचा देवाशी अजून व्यवहार चालू होता, हे मी पाहिलं नव्हतं. मी माझा बंद केला होता, म्हणून जगाचाही झाला असेल असं धरून चालले होते.

घरी पोचले तेव्हा वडील दारात उभे होते. माझ्यामागे कोणी नाही हे पाहून ते आत गेले आणि आत्यासाठी टाकलेली खाट आवरू लागले. मी त्यांना सगळं सांगितलं. चादरीची घडी करताना ते मध्येच थांबले.

“काय मागितलं म्हणालीस तिनं?”

मी पुन्हा सांगितलं. वडील खाटेच्या काठावर बसले. “आपण तिच्यासाठी काय मागायचं?” त्यांनी विचारलं. मी त्यांच्या शेजारी बसले. दोघांनाही लवकर सुचेना, तरी आम्ही उठलो नाही.