नागपंचमीची जमैकन पाहुणी

भजनी मंडळात किस्से कोणी साठवीत नाही. दाराशी पादत्राणे साचावीत, तसे ते आपोआप साचतात. आमच्या इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकच्या मंडळात तर एका उन्हाळ्यात केवळ एका सापाने ढीग घातला!

साप माझ्या नातीचा, कॉलेजात शिकणाऱ्या मुक्ताचा. हातभर लांब, बोटाएवढा जाड, बिनविषारी जमैकन ड्वार्फ बोआ. सर्वांभूती परमेश्वर पाहावा, असे मी नित्य आळवतो. परंतु तो हीटर लावलेल्या काचेच्या पेटीतून आमच्या बैठकीत अवतरेल, अशी कल्पना नव्हती!

माझी पत्नी कुसुम कडाडली, "नागपंचमी तोंडावर आहे, म्हणून राहू दे. दुसऱ्या दिवशी दुकानात परत!"

"आजी, प्लीज! मी नाही राहू शकत तिच्याशिवाय!"

कुसुम ढळली नाही.

*

आमचे तबलजी वसंतराव म्हणाले, "भजन ऐकून डोलेल, पाहा." त्यांनी ठेका धरताच सापाने अंगाचा चेंडू केला आणि डोके आत खुपसले.

"मी रियाजाला बसलो की आमच्या घरीही असंच होतं!" वसंतराव उद्गारले.

*

दिवसा काळपट दिसणारा तो जीव दिवेलागणीला फिकट होई. वसंतरावांच्या पत्नी मालतीबाई थक्क झाल्या. "अगंबाई, गोरी झाली की! मुक्ता, कुठलं क्रीम लावतेस गं हिला?"

"काकू, हे नॅचरल आहे!"

"सगळ्या असंच सांगतात!"

*

नागपंचमीला कुसुमने सुरी आणि तवा वर्ज्य केले, पेटी पाटावर मांडली, दूध-लाह्या ठेवल्या आणि कुंकवाचे बोट सापाच्या मस्तकाकडे नेले. बोट टेकण्यापूर्वीच त्याचे डोळे लालभडक झाले!

"कुंकू आपोआप उमटलं! साक्षात्कार!" मालतीबाई ओरडल्या.

"आजी, हात मागे घे! ते ब्लड आहे. ती घाबरली की असं करते!"

कुसुमने घाईने हात जोडले. "चुकलं हो माझं!" निर्णय मात्र बदलला नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा मुलगा शिरीष गाडीची किल्ली घेऊन सिद्ध झाला. मुक्ताने रडतरडत झाकण उघडले आणि किंचाळलीच. वेटोळ्याभोवती बुटाच्या नाडीएवढी पिल्ले वळवळत होती!

"अंडी केव्हा घातली?" मी विचारले.

"आजोबा, बोआ अंडी नाही घालत. डायरेक्ट बाळं होतात!"

"चला, सगळ्यांनाच सोडून येतो," शिरीष म्हणाला.

कुसुमने त्याच्या हातातली किल्ली काढून घेतली.

"अरे, बाळंतिणीला सव्वा महिन्याच्या आत कोणी घराबाहेर काढतं का? आणि ती खिडकी लाव आधी. वारा लागेल तिला!"