कोरडं झालं की येतो

पावसाळा लागला की सगळी माणसं घरात शिरतात आणि गळकेमामा घराबाहेर पडायचे. बायको होती तोवर ती म्हणायची, "बेडूक परवडला, तो निदान एका डबक्यात तरी राहतो." ती गेल्यावर असं बोलणारंही कुणी उरलं नाही, तेव्हा मामा आणखी लवकर निघू लागले.

गळके हे त्यांचं आडनाव नव्हे. धंदा रंगाऱ्याचा, पण रंगापेक्षा लोकांच्या घरातली गळती शोधण्यातच जन्म गेला, म्हणून हे नाव चिकटलं. या धंद्यात एक गोम आहे. गळती दिसते पावसात आणि बुजवता येते उन्हात. भर पावसात ओल्या भिंतीला काहीही फासा, दुसऱ्या दिवशी ते सोलून खाली पडतं. उन्हाळ्यात तीच भिंत इतकी साळसूद उभी असते की विचारू नका. घरमालक बोट दाखवून सांगतो, "इथून येतं," आणि ते नेमकं तिथून येत नसतं. पाणी शिरतं एकीकडे, मुरतं दुसरीकडे आणि टपकतं तिसरीकडेच. माणसांचंही असंच असतं म्हणतात, पण मामांना माणसांतलं फारसं कळत नसे.

तर पावसाळ्यात रंगकाम बंद पडलं की मामा सायकल काढायचे आणि डोंगरातल्या गावांची एकट्याने फेरी करायचे. सायकल जुनी, जड, बिनगिअरची. चढाला ती मामांवर बसायची आणि उताराला मामा तिच्यावर. सीटवर प्लास्टिकची पिशवी ताणलेली, मागे कॅरिअरला पत्र्याची पेटी. पेटीत खरवडणी, स्क्रू-ड्रायव्हर, रंधा, दोरी, सुताराच्या जाड पेन्सिली आणि ब्रेकची रबरं. पावसाळ्यात ब्रेकचं रबर साबणासारखं झिजतं. तेही झिजलं की मामा उताराला चपलेचा तळवा रस्त्याला घासत खाली यायचे. चष्म्यावर पाणी. तो पुसायला अंगठा, आणि अंगठाही ओलाच. एसटीच्या खिडकीतून लोक बघायचे आणि आपसांत काहीतरी बोलून हसायचे. मामा हात करायचे. खरं सांगायचं तर त्यांना ही फेरी मनापासून आवडायची, गळतीचं नुसतं निमित्त होतं. वळणावर धुकं, खाली ओढ्याचा आवाज, रस्त्यावर आपण एकटे, आणि सगळ्या जगाने दारं लावून घेतलेली. असं सुख सांगायला गेलं तर लोक वेड्यात काढतात, म्हणून ते सांगत नसत.

ज्या घरांची कामं केली, त्या घरात शिरायचं, भिंतीवरची ओल कुठवर आली ते बघायचं, ओलीच्या कडेने पेन्सिलची रेघ मारायची, चहा प्यायचा. घरची बाई विचारायची, "मग मामा, आता काय करायचं?" आणि मामा चपला घालत म्हणायचे, "कोरडं झालं की येतो."

यायचेही. नेहमीच नाही. कोरड्यात रंगाची कामं असत, आणि रंगाचं काम गळतीपेक्षा बरं दिसतं.

फेरीचं शेवटचं घर ताईचं. ताई म्हणजे मामांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच त्यांना वाढवलं, आणि सायकलवर बसायलाही हिनेच शिकवलं. तिचं घर घाटाच्या वरच्या अंगाला, रस्त्याला लागून, पाठीशी डोंगर. घरात ती आणि दाजी. दाजी ट्रकवर होते, देहाने ट्रकच. अर्धांगाच्या झटक्यानंतर मागच्या खोलीत पलंगावर पडून असायचे. सगळं बोलणं गेलं आणि एकच शब्द मागे राहिला, "चला." क्लीनरला सांगून सांगून तोंडात बसलेला. भूक लागली तरी "चला", राग आला तरी "चला", पाहुणा आला तरी "चला". ताई म्हणायची, "आयुष्यभर घरी टिकले नाहीत, आणि आता हलता येत नाही तर चला म्हणतात."

त्या वर्षी पाऊस वाईट होता. ताईच्या घरापासून बरंच खाली रस्त्यातली, ओढ्यावरची मोरी वाहून गेली होती, एसटी बंद, फोनचा मनोराही आडवा. मामांनी सायकल खांद्यावर घेऊन ओढा ओलांडला, वस्ती मागे टाकली आणि ढकलत ढकलत दुपारी वर पोचले.

ताईने दार उघडलं तेच दोन्ही हातांनी हिसका मारून.

"बघ, परत अडकायला लागलं. लाकूड फुगलंय. गेल्या वर्षी रंधा मारलास तेव्हा कसं सुरेख लागत होतं. आता आधी ते कर, मग चहा."

मामांनी ओल्या कपड्यांतच रंधा काढला. दार एकफळी, जुन्या लाकडाचं. दोन-तीन हात मारले आणि थांबले. दार खालच्या कोपऱ्याला चौकटीत रुतत होतं, पण वर, दुसऱ्या कोपऱ्याला बोट जाईल एवढी फट होती. लाकूड फुगलं तर सगळीकडून फुगतं. इथे दार सरळ होतं, चौकट कलली होती. गेल्या वर्षीही ती कललीच असणार, आणि मामांनी रंधा मारून दार तिच्या मापाचं करून दिलं होतं. वर शाबासकीचा चहा प्यायला होता.

ते तसेच मागच्या खोलीत गेले. दाजी म्हणाले, "चला." मामांचं लक्ष मागच्या भिंतीकडे. तिच्यावर सालोसालच्या त्यांच्याच रेघा, सगळ्या वरच्या अंगाला, कारण पाणी कौलातून यायचं. या वर्षी वरचा भाग जवळजवळ सुका. ओल खालून चढत होती. भिंत आणि फरशीच्या सांध्यातून पाणी येत होतं, आणि ते गढूळ होतं, दुधाचा चहा दिसतो तसं. मामांनी बोट बुडवून चोळलं. बोटाला माती लागली. डोंगराची माती.

जन्मभर पाणी बघितलेल्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं.

"ताई, डोंगर सुटतोय. इथून निघायचं. आत्ता."

ताई हसली. "गेल्या वर्षी छप्पर पडणार होतं. त्याच्या आधी माळा. तुझं म्हणजे लांडगा आला रे आला."

मामांनी तिला हाताला धरून नेलं, दाराची फट दाखवली, फरशीचं पाणी दाखवलं. तिला त्यातलं काही कळलं नसेल, पण भावाने अजून चहाचं नावही काढलं नव्हतं, ते तिला कळलं. ती पलंगाच्या कडेला बसली.

"खरं सांगतोयस?"

"खरं."

"आणि ह्यांना? ह्यांना कशावर नेणार? तुझ्या कॅरिअरवर?"

दाजींचा एक पाय उचलायचा म्हटलं तरी दोघांची कंबर जायची. दाजींनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "चला," ते म्हणाले. त्यांना परिस्थिती कळली होती की लघवी लागली होती, कोण जाणे. ताईने आधी भांडं दिलं.

"चार माणसं आणतो," म्हणून मामा निघाले.

त्या घाटात ते इतक्या वेगाने कधी उतरले नव्हते. ब्रेक दाबावा तर चाक ऐकत नव्हतं, चपलेचा अंगठा मधेच तुटला, तेव्हा अनवाणी टाच घासली. वस्तीतल्या चहाच्या दुकानात माणसं पत्ते खेळत बसली होती. छपराला गळती होती आणि टेबलाच्या मधोमध पातेलं ठेवलेलं. टेबलाच्या वर, छताच्या फळीवर मामांच्याच पेन्सिलची जुनी रेघ होती. मामांनी तिकडे बघायचं टाळलं.

त्यांनी सगळं सांगितलं. दार, चौकट, माती. सांगता सांगता त्यांचं त्यांनाच ते फुसकं वाटू लागलं. दार अडकतं आणि पाणी गढूळ आहे, एवढ्यावर कोण पत्ते टाकून उठेल?

चहावाला माणूस भला होता. त्याने आधी चहा पुढे केला. "मामा, तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण आजारी माणसाला या पावसात उघड्यावर काढायचं? डोंगर राहू द्या, न्युमोनियानेच जातील ते. आणि नेणार कुठं? मोरी नाही, गाडी नाही."

"पण घर..."

"ते घर आमच्या आजोबांच्या आधीपासून उभं आहे. तुम्ही घाबरू नका. शब्द देतो, आम्ही चौघं येतो, बांबू-दोर घेऊन." त्याने पातेलं उचलून बाहेर ओतलं आणि परत जागेवर ठेवलं. "कोरडं झालं की येतो."

चुकीचं काय होतं त्यात? ओल्यात काही करता येत नाही, हे तेच तर जन्मभर सांगत आले होते. त्यांनी चहा तसाच ठेवला आणि सायकल वर वळवली.

चढाला घाई कळत नाही. मामांनी पेडल मारून बघितलं, उभं राहून मारून बघितलं, शेवटी उतरून ढकलू लागले. नुसतं चालत गेलो असतो तर लवकर पोचलो असतो का, हे त्यांना कळेना, आणि सायकल टाकून द्यायचा धीरही होईना. दर वळणावर वाटायचं, आता घर दिसणार नाही. असा घाट त्यांनी किती पावसाळे आनंदाने चढला होता! धुकं तेच, ओढ्याचा आवाज तोच. त्यांना रडू आलं. पावसात रडण्याची एक सोय असते, चष्मा आधीच ओला असतो.

घर होतं. ताई दारात उभी होती. तिने भावाच्या मागे बघितलं, रस्ता रिकामा दिसला.

"भिंतीपासून पलंग ओढला मी," ती म्हणाली. "एकटीने जेवढा ओढवला तेवढा."

मामांनी पेटी उघडली. दार, सारं ज्याच्यापासून सुरू झालं ते दार, त्यांनी बिजागऱ्यांतून सोडवलं. पलंगाला टेकवून तिरपं लावलं, गादीसकट दाजींना त्याच्यावर सरकवलं, चादरींनी बांधलं. डोक्याकडची बाजू कशीबशी उचलून सायकलच्या कॅरिअरवर टेकवली आणि दोरीने आवळली. पायाकडची बाजू जमिनीवर. मामा हँडलला, ताई बाजूने, दाजींच्या तोंडावर छत्री धरून. असली वरात त्या घाटाने कधी बघितली नसेल.

"चला," दाजी म्हणाले. या वेळी तरी ते बरोबर बोलले.

उतार होता आणि ब्रेक नव्हता, पण दार रस्त्याला घासत होतं आणि तोच ब्रेक झाला. दोनदा सायकल आडवी झाली. दाजी कण्हले, ताई ओरडली, मामांनी परत उभी केली. वळणापलीकडे एसटीचा दगडी थांबा आहे, डोंगराच्या सोंडेवर, तिथवर त्यांनी दाजींना आणलं. दोरी सोडली, दार जमिनीवर ठेवलं. त्याच्यापुढे एक पाऊल टाकायची ताकद कुणाच्यात उरली नव्हती.

मग ते बसून राहिले. समोर वळणाआडून अर्धं घर दिसत होतं. घराला काहीच होत नव्हतं. कौलं जागेवर, भिंती जागेवर, फक्त दाराच्या जागी काळं भोक. दाजींचे पाय गार पडले होते. ताई ते चोळत होती आणि मधेमधे घराकडे बघत होती.

"कोरडी घोंगडी आत राहिली," ती शेवटी म्हणाली. "आणते."

"नको."

"अरे, घर उभं आहे की! डोळ्यांनी दिसतंय."

मामांनी तिचा हात धरला. मनात आलं, हिचं खरं निघालं तर? आपण या माणसाला इथे पावसात मारतोय, तेही एका फटीपायी. घर पडावं असं त्यांना त्या क्षणी वाटलं, आणि तसं वाटल्याची त्यांना भयंकर लाज वाटली. तरी हात सोडला नाही.

उजेड जायच्या बेताला घर गेलं. मोठा आवाजही झाला नाही. मागचा डोंगर थोडा पुढे आला आणि घर त्याच्यापुढे, म्हातारं माणूस धाप लागून बसतं तसं, खाली बसलं. मग माती आली, झाडं आली, रस्ताही गेला.

ताईने हात सोडवून घेतला आणि परत दाजींचे पाय चोळू लागली. मामा बघत राहिले. जन्मभर त्यांनी हेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी उघडीप झाली आणि माणसं आली. चौघं, बांबू आणि दोर घेऊन, शब्दाला जागून. चहावाला पुढे होता. ढिगाऱ्याकडे बघून त्याचे पाय जागीच थांबले.

ताईने पदराने तोंड पुसलं. "या," ती म्हणाली. "झालं कोरडं."

मामांनी मान खाली घातली. चहावाल्यानेही घातली. मग चौघांनी खाली वाकून दाराखालून बांबू सरकवले, दोर आवळले आणि दाजींना खांद्यावर घेतलं. घेतलं आणि तसेच उभे राहिले. कुठं न्यायचं ते कुणी ठरवलंच नव्हतं. एकाने ताईकडे बघितलं, ताईने भावाकडे, आणि भावाने, सवयीने, भिंत शोधल्यासारखं इकडेतिकडे बघितलं.

"चला," दारावरून दाजी म्हणाले.