माझ्या हातचं बी

मालक गेल्यावर चौदाव्या दिवशी मी अंगणवाडीत कामावर हजर झाले. जावेला ते पटलं नाही. "आवं, महिनाभर तरी घरात बसा. लोक काय म्हणतील?" म्हणाली. मी म्हटलं, लोकांचं तोंड मी धरलंय का? घरात बसून तरी मी काय करणार होते? आल्या-गेल्याला तीच हकीकत सांगून माझं तोंड दुखायला लागलं होतं. सैन्यातून निवृत्त होऊन ते कारखान्यावर सुरक्षेच्या नोकरीला लागले होते. पहिल्या पाळीला जायचं म्हणून लवकर उठले. मी अंघोळीचं गरम पाणी काढून दिलं, ते न्हाणीत गेले आणि बाहेर आलेच नाहीत. इतकीच हकीकत. त्यात रंगवून सांगण्यासारखं काही नव्हतं.

मला रडू आलं नाही. पाटणहून माझी धाकटी बहीण आली होती. ती गळ्यात पडून म्हणायची, "रड गं अक्का, एकदा मोकळी हो." मी तिला म्हटलं, चहात साखर कमी पडलीय का बघ. बायका एकमेकींकडं बघायच्या. मला सगळं दिसत होतं, पण पायाला मुंग्या आल्यावर चिमटा काढला तरी लागत नाही, तसं झालं होतं. दगड म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा.

कुंडलजवळच्या एका गावात मी अठरा वर्षं अंगणवाडी सेविका आहे. एक खोली, मागं छोटं स्वयंपाकघर, पुढं ओटा. मी आणि एक मदतनीस. संक्रांत झाली की आमच्याकडं झाडांचा महिना असतो. पानं गोळा करायची, पानांचे ठसे काढायचे, मुळं कुठं असतात आणि पाणी कोण पितं ते बघायचं. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे कागदी पेल्यात मूग पेरायचा. पोरांना वाचता येत नाही म्हणून मी प्रत्येकाच्या पेल्यावर एक चित्र काढते. कुणाची गाय, कुणाची छत्री, कुणाचा आंबा. पोरं आपापला पेला बरोबर ओळखतात, दुसऱ्याच्या पेल्याला हात लावला तर भांडतात.

पेरायची माझी एक पद्धत आहे. पोराचं बोट धरून मातीत भोक पाडायचं, बी मी टाकायचं, माती पोरानं लोटायची. तीन-चार वर्षांची पोरं ती. त्यांच्या हातात बी दिलं की पहिलं नाकात जातं, मग पळा दवाखान्यात. म्हणून बी कायम माझ्या हातानं.

त्या वर्षी मूग आणायचं माझ्या लक्षात राहिलं नाही. एरवी मी घरचा नेते. त्या सकाळी अंगणवाडीतल्या फळीवरचा डबा काढला, त्यात मूग होता, तोच घेतला. तेवढ्यात एका पोरीची आजी दारात आली. रोज नातीला सोडायला यायची ती. तिचा लेक फौजेत, तेव्हा सरहद्दीवर होता, आणि सुनेला सातवा महिना लागलेला. आजीनं मला ओट्याच्या कडेला बोलावलं आणि हळूच म्हणाली, "बाई, राग मानू नगा. आमच्या पोरीच्या पेल्यात बी तुमी घालू नगा. ह्यांनी घालू द्या." तिनं मदतनिसीकडं बोट केलं. मग पदराची गाठ सोडून कागदाची पुडी काढली. "आमच्या रानातला मूग हाय. लेक तिकडं, सून अशी. लय जीव घाबरतोय माजा."

महिन्यापूर्वीची मी असते तर तिला तिथल्या तिथं झाडली असती. गावात माझ्या तोंडाला कुणी लागत नाही, ही माझी ख्याती. पण मी नुसतं "बरं" म्हटलं आणि पुडी मदतनिसीच्या हातात दिली. तिचं तोंड उतरलं. ती काही बोलणार होती, मी म्हटलं, आटप लवकर, खिचडी लागंल खाली. त्या पोरीच्या चांदणीच्या पेल्यात तिनं बी टाकलं आणि आत गेली. बाकीच्या सगळ्या पेल्यांत मी टाकलं.

रोज सकाळी पोरं आली की पहिलं पेल्यांकडं धावायची. "बाई, माजं कवा येणार?" मी म्हणायची, "थंडी हाय रं, झोपलंय ते आत." चार दिवस गेले. पाचव्या दिवशी चांदणीच्या पेल्यात माती फुगली आणि वाकडी मान वर आली. सहाव्या दिवशी दोन पानं उघडली. बाकीच्या पेल्यांत नुसती ओली माती. पोरं गोल करून बसली. आंबावाला रडायला लागला. गायवाली पोरगी मोठी चुरचुरीत, तिनं कमरेवर हात ठेवून सगळ्यांना सांगितलं, "बाईंच्या हातानं न्हाई येत. माजी आई म्हणली."

पोरीला रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. घरी ऐकलं ते तिनं सांगितलं. मला वाईट वाटलं का? तेही नाही. फक्त हात पदराखाली गेले. मी चांदणीचा पेला फोटोला पुढं घेतला, सरकारी मोबाइलवर फोटो भरला, हजेरी भरली.

पण त्या दिवसापासून एक गोष्ट व्हायला लागली. खिचडी वाढायचा डाव मी मदतनिसीकडं दिला. पोरांची वजनं करायची होती, त्यांना काट्यावर उचलून ठेवायचं काम तिला सांगितलं. कुणी पोर मांडीवर येऊन बसलं की मी काहीतरी निमित्त काढून उठायची. घरी गेल्यावर हातांकडं बघत बसायची. त्या सकाळी अंघोळीचं पाणीसुद्धा ह्याच हातांनी काढून दिलं होतं. कुणीही शहाणं माणूस म्हणालं असतं, अगं बाई, बी वेगळं होतं. मला ते सुचलंच नाही. खरं सांगायचं तर मी ते सुचूच दिलं नाही.

आठवडा उलटल्यावर मी ते मुके पेले मागच्या परसात नेऊन उपडे केले. मूग फुगून बुळबुळीत झाले होते, कोंबाचा पत्ता नाही. वास मारत होते. आत आले तर मदतनीस फळीवरचा तोच डबा घेऊन उभी. मूठभर मूग तोंडात टाकून कुरूकुरू खात होती.

"कच्चा काय खातेस गं?" मी म्हटलं.

"कच्चा कुठला? भाजल्याला हाय. तुमी तेरा दिस घरात हुता ना, तवा पोरकिडे लागल्यालं ह्याला. म्हटलं वाया जाईल, म्हणून मीच चुलीवर परतून ठिवला. उसळीला चालतोय की."

 मी डब्यातला एक दाणा उचलून दाताखाली धरला. खमंग लागला. रंगही काळपट होता, पेरताना नुसतं नीट बघितलं असतं तरी कळलं असतं.

तिला कळायला जरा वेळ लागला. मग तिनं कपाळावर हात मारला. "आगं आई गं! ह्योच पेरला व्हय तुमी? मला वाटलं, दरसालासारखा घरनं आणलाय!"

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. नुसतं मनात आलं, बरं, असं आहे तर. तिचं मात्र तसं नव्हतं. डबा बगलेत मारून ती भर दुपारी गल्लीत गेली आणि घराघरात, आमच्या बाईंनी भाजका मूग पेरला गं, म्हणून दाणे वाटून आली. माझी अब्रू वाचवायची तिची ती रीत. गाव पोट धरून हसलं. मला चाललं.

दुसऱ्या दिवशी आजी आली ती डोक्यावर पदर घट्ट ओढून. हातात वाटीभर मूग, सगळ्या पोरांना पुरंल एवढा. ओट्यावर चढली आणि माझे दोन्ही हात धरले. "चुकलं बाई माजं. म्हातारी अक्कल. तुमच्या मनाला किती लागलं आसंल." चार-पाच आयाही दारात उभ्या होत्या, गायवालीची आईसुद्धा. ती मान खाली घालून उभी होती.

आम्ही परत पेले भरले. पोरं रांगेत बसली. आजीनं नातीच्या हातात नवा पेला दिला, तिला पुढं ढकललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हिच्या पेल्यात पयलं बी तुमीच घाला बाई. तुमच्याच हातानं."

पोरीनं बोट पुढं केलं. मी ते धरलं, भोक पाडलं. चिमटीत दाणा घेतला. मला सगळं माहीत होतं. मूग भाजलेला होता, दाण्यात जीवच नव्हता, हाताचा काही संबंध नव्हता. शाळेत सातवीत मी बियांच्या धड्याला पैकीच्या पैकी गुण घेतले होते. आणि तरी पेल्यावर माझा हात थांबला. मला तिच्या सुनेचं पोट दिसलं. लेकाचा वर्दीतला फोटो दिसला, त्यांच्या सोप्यात लावलेला. आणि उद्या काही झालं तर?

मी दाणा मदतनिसीच्या तळहातावर ठेवला.

"आवं, मी म्हणतीय की!" आजी म्हणाली.

"तुमी म्हणताय, आजी," मी म्हटलं. "माजा हात न्हाई म्हणतोय."

 मदतनिसीनं एकेका पेल्यात बी टाकलं. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. माझे डोळे कोरडेच होते. पाचव्या-सहाव्या दिवशी सगळे पेले हिरवे झाले, पोरांनी ओटा डोक्यावर घेतला.

त्याला आता चार वर्षं झाली. आजीची सून सुखरूप बाळंत झाली, मुलगा झाला. लेक सुट्टीवर येऊन त्याला बघून गेला. आता तो मुलगाच माझ्या अंगणवाडीत येतो, पेल्यावर त्याचं चित्र मोराचं आहे. आजी रोज दारात उभी राहून माझ्याशी घटकाभर बोलल्याशिवाय जात नाही. माझ्या हाताच्या त्या जुन्या गोष्टीवर गावात आता कुणाचाच विश्वास नाही.

दर संक्रांतीनंतर मी पोरांची बोटं धरते, भोकं पाडते आणि बी टाकायला मदतनिसीला हाक मारते. सगळ्यांचं सगळं छान चाललंय. आणि मला वाटतं, मी हात लावला नाही, म्हणूनच.