जनू होणे

सदर इसमाचे नाव जनू धर्मा, वय अठ्ठावन्न, राहणार धरमतर खाडीकाठ, धंदा मिठागरावर मजुरी. पेण तालुक्यात सदर नाव क्रियापदाप्रमाणे वापरात आहे.

झालं ते असं. एका ठेकेदाराने जनूला कंपनीत चिकटवतो म्हणून सांगितलं, आणि गेटपास हाती यायच्या आधीच जनूने सत्यनारायण घालून गाव जेवू घातलं. गेटपास आलाच नाही. तेव्हापासून कुणाची आशा फुकट गेली की लोक हसून म्हणतात, "याचा जनू झाला."

परवा तो आपल्या मुलासाठी, प्रविणसाठी, मुलगी बघायला रोह्याला गेला. 'जनू झाला' हे बोलणं रोह्यापर्यंत पोचलं नसेल, एवढीच त्याची आशा होती. पोहे झाले, चहा झाला, मुलगीही पसंत पडली; प्रविणच्या बापाचं नाव मात्र अजून कुणी विचारलं नव्हतं. तेवढ्यात मुलीची आत्या धापा टाकत दारात आली.

"काय सांगू गो, हात केला तरी एसटी थांबली नाय. माझा आज जनू झाला."

घरातले सगळे हसले. प्रविण खाली बघत राहिला. आत्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"पाव्हणं, तुमचं नाव काय?"

"धर्मा," जनू म्हणाला.

धर्मा म्हणजे जनूचा बाप. तो केव्हाच वारला आहे.