गप्प केलेला पंखा

ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, आणि ज्या भावाशी सगळं बोलतो त्यालाही नाही. परभणीत नोकरीला असताना एका कॉम्प्युटरचा पंखा मी मुद्दाम गप्प केला. त्यातून मशीन जळालं आणि खापर एका गरीब माणसावर फुटलं. ते फुटलं तेव्हा मी तिथंच उभा होतो.

मध्यंतरी लेकीचा लॅपटॉप फार घरघरायला लागला. तिनं कंपनीचं कसलंसं अपडेट टाकलं, लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि आवाज गेला. "बघा बाबा, स्क्रू ड्रायव्हरला हातही न लावता पंखा दुरुस्त!" मी लॅपटॉपच्या बुडाला हात लावून पाहिला. "तुम्ही नेहमी काय हो, लेकराचा ताप बघितल्यासारखं करता?" ती म्हणाली. मी हसण्यावारी नेलं. पण तेव्हापासून हे लिहून टाकायचं मनात आहे.

विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्याची अगदी शेवटाकडची वर्षं होती. माती तपासणीच्या एका प्रकल्पात मी इलेक्ट्रॉनिक्सचा टेक्निशियन होतो. प्रकल्पाकडे सुटकेससारखा, मुठीला धरून उचलायचा कॉम्प्युटर होता. जीपमध्ये घालून तो गावोगाव न्यायचा आणि मातीचे आकडे जागेवरच त्यात भरायचे. त्याचा पंखा लागला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. "साहेब, ह्याच्यात पायलीभर जवारी टाकली तर पीठ पडंल का?" असं आमचा ड्रायव्हर विचारायचा. साहेबांना मात्र त्या आवाजाचा खरोखर संताप यायचा. फोनवर बोलताना रिसीव्हरवर हात ठेवून ते ओरडायचे, "अरे, ती गिरणी बंद करा आधी!"

मशीन चालवणारा तरुण बोरीकडचा होता, रोजंदारीवरचा. माझ्याहून थोडा लहान, म्हणून मला दादा म्हणायचा. गावात गेलो की शेतकरी त्या पडद्यावरची नारिंगी अक्षरं बघायला त्याच्याभोवती गर्दी करायचे. बोलता बोलता कोणीतरी त्याचं आडनाव विचारायचं, मग काही जण थोडे मागं सरायचे. तो बघून न बघितल्यासारखं करायचा आणि पुढच्याला गट नंबर विचारायचा. जूनमध्ये त्याला कायम करायचं घाटत होतं. घरात नियमित पगार आणणारं दुसरं कोणी नव्हतं. "कायम झालो की आई पोरगी बघायला निघणार हाय," तो लाजत सांगायचा.

मशीन किती तापल्यावर पंखा सुरू करायचा आणि किती जोरानं फिरवायचा, हे मशीनमधल्या एका चिपवर लिहिलेलं असतं. आज त्याला फर्मवेअर म्हणतात. आम्ही नुसतं 'चिप बदलली' म्हणायचो. आवाजाची तक्रार केल्यावर कंपनीनं सुधारलेली चिप पोस्टानं पाठवली. मी ती बसवली. आवाज पुष्कळ कमी झाला, पण गेला नाही. साहेब म्हणाले, "एवढंच? तुम्ही डिप्लोमावाले ना?"

ते मला लागलं. वर्कशॉपमध्ये चिप पुसायचं आणि भरायचं यंत्र होतं. कंपनीच्या चिपची नक्कल काढून मी तापमानाचा आकडा शोधला, वाढवला आणि माझी चिप बसवली. थंडीचे दिवस होते. मशीन दुपारभर चालवून पाहिलं, पंखा एकदाही लागला नाही. साहेबांनी माझ्यासाठी चहा मागवला. परभणीचा उन्हाळा काय असतो हे मला कोणी सांगायची गरज नव्हती, जन्म त्याच जिल्ह्यात गेला होता. तरी तो आकडा मी तसाच ठेवला.

त्याच जानेवारीत विद्यापीठाला नाव मिळालं. ऑफिस उघडल्यावर मशीन चालवणारा तो तरुण पेढ्यांचा पुडा घेऊन आला. वातावरण असं होतं की टाइपरायटरसुद्धा दबकून वाजत होते. साहेब म्हणाले, "मला शुगर आहे," आणि नेहमीचा गोड चहा प्यायले. ड्रायव्हरनं दोन पेढे तोंडात टाकले, "मुबारक हो भाई!" म्हणाला. मी पेढा घेतला, हसलो, आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. पुढे पक्कड शोधायला त्या तरुणानंच तो ड्रॉवर उघडला. पेढ्याला मुंग्या लागल्या होत्या. त्यानं पक्कड घेतली आणि ड्रॉवर हळूच लावला.

माझं बालपण गंगाखेडकडच्या एका गावात गेलं. नामांतराचं पहिलं पेटलं तेव्हा मी शाळकरी होतो. गावाबाहेरच्या वस्तीकडून धूर आला तसं वडलांनी दाराला कडी घातली. म्हणाले, "आवाज करू नका कोणी." कोणी काय केलं ते अख्ख्या गावाला माहीत होतं. पोलीस आले तेव्हा पारावर बसलेल्यांपैकी कोणालाच काही आठवेना. वडीलही त्यांच्यातच बसले होते.

होळी झाली तशी ऊन वाढायला लागलं. एकदा दौऱ्यावरून आल्यावर तो तरुण वर्कशॉपच्या दारात येऊन उभा राहिला.

"दादा, आवाज पार गेला, पण बुडाला हात लावून बघा की. तवा झालाय निसता."

"आवाज गेला ना? मग झालं."

"आधी ऊन लागलं की बोंबलायचा. आता कितीबी तापू द्या, गप्पच. मला भ्या वाटायलंय."

"मशीन हाय ते, तुझ्यासारखं भीत न्हाई," मी म्हणालो. तोही हसला. त्याचं मशीन घेऊन चिप बदलायला मला चहा प्यायला लागतो तेवढा वेळ लागला असता. पण साहेबांच्या तोंडून माझं कौतुक सगळ्या ऑफिसनं ऐकलं होतं. पुन्हा घरघर सुरू झाली असती तर माझी हुशारी उघडी पडली असती.

मग त्यानं त्याच्या परीनं उपाय केला. आपल्याकडे रांजणाला ओलं पोतं गुंडाळतात, तसं एक पोतं भिजवून, पिळून तो टेबलाखाली पसरायचा. मशीनला लावायचा नाही, नुसती खालून गार हवा लागावी म्हणून. ड्रायव्हर म्हणायचा, "काय रे, मशीनला वाळ्याचा पडदा लावतोस का?"

मे महिन्यात बोरीजवळच्या एका गावात, शाळेच्या पत्र्याच्या खोलीत, अक्षरं थरथरली आणि पडदा काळा झाला. जळका वास आला म्हणे. हंगामभराचे आकडे आत अडकले. फ्लॉपीवरच्या नकला अर्ध्यामुर्ध्याच वाचता आल्या. साहेब जीपनं तिथं गेले आणि त्यांना पहिलं दिसलं ते टेबलाखालचं ओलं पोतं.

मशीन माझ्याकडे आलं. दार लावून उघडलं. आत पाण्याचा थेंब नव्हता, कुठं डाग नव्हता, गंज नव्हता. बोर्ड तापून काळवंडला होता. एवढ्या खेड्यांची धूळ खाल्लेल्या मशीनच्या पंख्याची पाती मात्र स्वच्छ होती. तो उन्हाळाभर फिरलाच नव्हता. मी माझी चिप काढली, कंपनीची बसवली, आणि स्क्रू आवळले. ती चिप अजून माझ्याकडे आहे, जुन्या स्क्रूंच्या डबीत.

साहेबांनी बोलावलं. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "पाणीच गेलं ना आत? विद्यापीठाला नाव पाहिजे, कायम नोकरी पाहिजे, आणि वस्तू सांभाळायची अक्कल नाही." ते माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "ओलाव्यानं होऊ शकतं, साहेब." "मग तसं लिहून द्या." मी लिहून दिलं आणि खाली सही केली. कोणी माझा हात धरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो वर्कशॉपच्या बाहेर माझी वाट बघत बसला होता. मला बघून उठला.

"दादा, पोतं खालीच होतं. मशीनला पाण्याचा हात न्हाई लागू दिला मी. तुमी उघडून बघितलं ना? आत वलं होतं का?"

त्याला तेवढंच हवं होतं. हो किंवा नाही.

"साहेबांना विचार," मी म्हणालो.

"साहेब म्हणले, तुमाला विचार."

मी कुलपात किल्ली फिरवत राहिलो. तो "बरं," म्हणाला आणि गेला. जूनमध्ये त्याला कामावरून काढलं. पुढे मला बढती मिळाली. तिचा या गोष्टीशी काही संबंध नव्हता, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं.

अलीकडे परभणीच्या बसस्टँडवर तो दिसला. केस पिकलेले, हातात औषधाची पिशवी. मी खांबाआड सरकलो, पण त्यानंच हाक मारली, "दादा!" घरची विचारपूस केली. मजुरी केली, मग शाळेत शिपाई म्हणून लागला, लेकरं शिकली, असं सगळं सांगितलं. बस लागली तसा जाता जाता म्हणाला, "त्या पोत्याचा लय पस्तावा व्हतो बघा मला. मी इतकं जपायचो, तरी झिरपलंच असंल कुठूनतरी. तुमी उघडून बघितलं होतं, तुमी कशाला खोटं लिहाल."

मी हात वर करून निरोप दिला. बस निघून गेली.

बाकीचं फेडता येण्यासारखं नाही. गेलेली नोकरी मी परत देऊ शकत नाही. पण त्याच्या घरी जाऊन, त्याच्या लेकरांसमोर, मी एवढं सांगायचं देणं लागतो: मशीन आतून कोरडं होतं, त्याच्या पोत्यानं काही बिघडलं नव्हतं, पंखा मी बंद पाडला होता आणि खोटं मी लिहिलं होतं. ते मी अजून सांगितलेलं नाही.