उपाशी तुकडा

१४ डिसेंबर, सकाळी आठ वाजून वीस मिनिटे. बार्शी रस्त्यालगतच्या आमच्या प्रयोगाच्या शेतात शेवटची वेचणी संपली होती. तिथले राखणदार मामा सगळ्या वेचण्यांचा कापूस एकत्र बांधून काट्यावर ठेवत होते.

गेल्या वर्षी जिथे तूर होती, तिथे तुरीच्या मुळांनी जमिनीत सोडलेल्या नत्रावर, युरिया न देता कापसाचा पुरेसा उतारा मिळतो का, एवढाच माझ्या प्रबंधाचा प्रश्न होता. युरिया न दिलेल्या तुकड्याला मामा ‘उपाशी’ म्हणत. जाता-येता तिथे थबकत, पिवळट पान अंगठ्याने चोळत आणि माझ्याकडे न पाहता विचारत, “ताई, लेकराला असं कोन ठिवतं?”

“मामा, तुरीनं जेवू घातलंय त्याला.”

“तूर कवाच गेली की.”

काटा स्थिरावला. ‘उपाशी’ तुकड्याचे वजन युरिया दिलेल्या तुकड्याइतकेच भरले. दोन वर्षे मी याच आकड्याची वाट पाहत होते. मी पेन उघडले, तेव्हा मामांनी टोपी काढून हातात धरली.

“ताई, लिवू नगा. पोळ्याला बैलांस्नी पुरनपोळी चारली, अन् ह्येच्याकडं बगवंना. दोन मुठी युरिया टाकला म्या हितं.”

ते गप्प राहिले असते, तर मला कधीच कळले नसते. आता पुन्हा तूर, मग पुन्हा कापूस. म्हणजे आणखी दोन वर्षे. तरीही मी ते वजन वहीत लिहिले, शेजारी ‘गणनेतून वगळावे’ अशी नोंद केली आणि हे वजन या जमिनीने स्वतःच्या बळावर दिले असते तर, असा विचार करत त्या आकड्याकडे पाहत राहिले: ५ किलो १४० ग्रॅम.