चपला काढून यायची खोली

सत्याप्पाची आणि त्या कंप्युटरची पहिली भेट निपाणीत, हायवेवर झाली. मुंबईहून बेळगावला निघालेली ती लॉरी एवढी लांब होती, की तोंड तवंदीच्या घाटात चढलं तरी शेपूट कागलच्या नाक्यावर जकात देत होतं. मधल्या मधे निपाणी अडकली. कोंबड्यांना रस्ता ओलांडता येईना. चिकोडीला निघालेलं एक वऱ्हाड लॉरी संपायची वाट बघत इतकं ताटकळलं, की नवऱ्या मुलाला दाढी पुन्हा करावी लागली. असं सत्याप्पा सांगायचा. दर वर्षी सांगताना लॉरी थोडी वाढायची.

विडी वळणाऱ्या बायका मांडीवरची सुपं खाली ठेवून बघायला आल्या होत्या. त्यांत सत्याप्पाची आई तानीबाईही होती.

"इडी वळायचं यंत्र आलंय म्हणं," शेजारीण म्हणाली. "एका दमात साऱ्या गावाच्या इड्या वळतंय."

तानीबाईनं लॉरीच्या चाकावर नेम धरून तंबाखूची पिंक टाकली.

"आई, त्यो कंप्युटर हाय," सत्याप्पा कळवळला. "माझी नोकरी त्याच्यावरच लागलीया."

"मग आमच्या पोटावर तूच पाय देणार व्हय रं?"

कंप्युटर कुणाच्या पोटावर पाय द्यायला आला नव्हता. बेळगावात खासबागेच्या पलीकडं एक कारखाना होता, तिथल्या कामगारांची हजेरी आणि पगार मांडायला तो आला होता. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीनं वापरून सोडलेला. आताच्यासारखा एका माणसाच्या टेबलावर मावणारा नव्हेच. लोखंडी कपाटांची रांगच्या रांग, आणि साऱ्या कारखान्याचं काम त्या एकट्यावर. सत्याप्पा बी.एस्सी. होऊन मुंबईत त्याचं शिक्षण घेऊन आला होता. सकाळी मशीन उठवायचं, टेपा चढवायच्या, कुणाचं काम आधी आणि कुणाचं मागून ते लावून द्यायचं, आणि शनिवारी सगळ्याची नक्कल टेपवर काढून ठेवायची, हे त्याचं काम. त्या खोलीत एक फिरती खुर्ची होती. सत्याप्पाच्या घराण्यात खुर्चीवर बसून कुणी काम केलं नव्हतं. ही तर बसल्या बसल्या फिरायची. ती खुर्ची त्याला जिवापेक्षा प्यारी होती.

खोली मशीनसाठी गार ठेवलेली असायची, म्हणून सत्याप्पा स्वेटर घालायचा. इथवर ठीक होतं. पण मे महिन्यात निपाणीच्या बाजारातही तो स्वेटर घालूनच फिरायचा. घामानं निथळत. कुणीतरी विचारावं म्हणून.

लोक विचारायचेही. "काय रं सत्याप्पा, माझी म्हस गाभण हाय का, तेवढं इचार की मशीनला."

त्यानं सांगायला हवं होतं, बाबा, त्या मशीनला आपण सांगू तेवढंच येतं, म्हशीतलं काही कळत नाही. पण तो स्वेटरच्या बाह्या सारख्या करून म्हणायचा, "बघतो इचारून." म्हैस व्याली की श्रेय मशीनला.

त्याचं खरं भांडण होतं धुळीशी. त्या मशीनची सारी आठवण डिस्कवर असायची. डिस्क म्हणजे ताटांची चळतच समजा. ताटं गरागरा फिरतात आणि एक बारीकसं मुंडकं केसभराहून कमी अंतरावरून त्यांच्यावर सरकत राहतं. मधे धुळीचा कण आला, की ताटावर ओरखडा; ओरखड्याखालचं सगळं गेलं. हे त्यानं गेटवरच्या मष्णूला चित्र काढून समजावलं. मष्णू रोज फाइली घेऊन चिखलाच्या बुटांनी आत यायचा.

"कंपनीचा बूट हाय," मष्णू म्हणाला. "धुळीला भिऊन काढू व्हय?"

हेडक्लार्क मारुतीराव तर पान खातच यायचे. "येन्री सत्याप्पा," अशी कानडी हाक मारून म्हणायचे, "एवढं मोठं धूड, आणि धुळीला भितंय?"

शेवटी वैतागून सत्याप्पा एक दिवस मष्णूवर ओरडला, "आत देव हाय असं समज, आणि बूट काढ!"

मष्णूनं बूट काढले. दुसऱ्या दिवशी मारुतीरावांनी पान थुंकून, चूळ भरून, चपला बाहेर ठेवल्या. आठवड्याभरात दाराबाहेर चपलांचा ढीग पडू लागला, आणि एक टायपिस्ट बाई उंबऱ्याला हात लावून मग आत येऊ लागली. सत्याप्पा एकटाच हसायचा. छप्पन साली बापानं घरातला देव्हारा वेदगंगेत सोडला होता. त्या बौद्ध घरातल्या पोरानं कारखान्यात देऊळ काढलं, तेही धुळीसाठी! तानीबाईला सांगितलं तेव्हा ती हसली नाही.

"लोकास्नी देव दिऊ नगंस, बाबा. देव आला की म्होरं कोन कोन येतंय, तुला म्हाईत न्हाय."

खंडेनवमीला ते आलंच. कारखान्यात लेथपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्यांची पूजा व्हायची. मारुतीराव धुपाटणं, गुलाल आणि कुंकू भरलेला कोहळा घेऊन दारात उभे राहिले.

"धूर न्हाय चालणार," सत्याप्पा आडवा आला. "कोहळा तर अजिबात न्हाय."

"देवाच्या खोलीत धूप चालत न्हाय? मग तुझ्या देवाला चालतंय तरी काय?"

मॅनेजरसाहेब म्हणाले, "कामगारांच्या भावनेचा प्रश्न आहे, सत्याप्पा. बाजूला व्हा."

तो बाजूला झाला. धूप फिरला. गुलाल उधळला. कोहळा कपाटांच्या पुढ्यात असा काही फुटला, की कुंकू मशीनच्या पंख्यांच्या वाऱ्यावर साऱ्या खोलीत तरंगत राहिलं. दसऱ्याच्या सुट्टीनंतर मशीन चालू केलं, तर आतून पाट्यावर वरवंटा ओढावा तसा आवाज आला. डिस्क गेली. दिवाळी तोंडावर, आणि साऱ्या कारखान्याची हजेरी तिच्यात.

सत्याप्पानं खोली पुसून काढली, दुसरी डिस्क चढवली आणि शनिवारच्या टेपांवरून सगळं परत बसवलं. पगार वेळेवर झाला. त्याच सकाळी मष्णूनं यल्लम्माला नारळ बोलला होता. मशीन नारळामुळं सुरू झालं, यावर कारखान्याचं एकमत होतं.

राहिलं एवढंच, की ते बिघडलं कुणामुळं. धुपानं म्हणावं, तर धूप मारुतीरावांचा. मारुतीराव सत्याप्पाकडं आले ते चपला काढून, आवाज अगदी मऊ करून.

"राग मानू नकोस. पण देवाची खोली म्हटली, की आत आपल्यातला माणूस पायजे. लोक बोलाय लागल्यात. आमचा भावकू हाय, भाचा. त्याला सोवळं ठाऊक हाय."

"मारुतीराव, ते मशीन हाय," सत्याप्पा म्हणाला. "देव न्हाय. लोखंड हाय, वायरी हैत."

"आता असं म्हणतोस? तूच की रं म्हणालास देव हाय म्हणून."

"आणि काम कोण करणार?"

"काम मशीन करतंय. बटणच तर दाबायचं असतंय, त्ये भावकू दाबंल."

सत्याप्पा साहेबांकडं गेला. धूळ, ताटं, मुंडकं, सगळं त्यानं पुन्हा समजावलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "मला पटतंय. पण उद्या पुन्हा बिघडलं, तर लोक तुमचंच नाव घेतील. तुमच्याच भल्यासाठी स्टोअरला पाठवतोय."

खोलीतून निघताना त्यानं स्वेटर काढून हातात घेतला. दाराबाहेरच्या ढिगात त्याला आपल्या चपला लवकर सापडेनात.

भावकू मुंबईत शिकून आला. त्याला काम जमलं, माणूसही वाईट नव्हता. तो फिरत्या खुर्चीवर बसायचा आणि खंडेनवमीला मशीनला हार घालायचा, पण धूप दाराबाहेर ठेवायला लावायचा. त्याचं सगळ्यांनी ऐकलं.

शहाऐंशी साली मशीन भंगारात काढलं. कपाटं एकेक करून काट्यावर चढवून वजन घेतलं सत्याप्पानं. स्टोअरमध्ये ते काम त्याच्याकडं होतं.